कपाळाचा पाठभेद

केबल येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. पावसाळ्यातली संध्याकाळ. अण्णा पेपर घेऊन हिंचक्यावर, आई खाली बसून ताटात तांदूळ निवडतेय, आणि टीव्हीच्या अगदी समोर मी, अठरा वर्षांची. पडद्यावर 'स्टार ट्रेक' या अमेरिकन अंतराळमालिकेचा नवा अवतार चालू होता, आणि त्यात एक धिप्पाड अधिकारी आला. भुवयांपासून टाळूपर्यंत हाडाच्या वळ्याच वळ्या, नांगरलेल्या शेतासारख्या. त्याचं नाव वॉर्फ, आणि सगळे त्याला क्लिंगॉन, म्हणजे त्या कथेतल्या एका परग्रही जातीचा, म्हणत होते.

"हा क्लिंगॉन नाहीये," मी म्हटलं.

अण्णांनी पेपर खाली केला. "कशावरून?"

"क्लिंगॉनांचं कपाळ साधं असतं. आपल्यासारखं."

हे मला पक्कं ठाऊक होतं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात दूरदर्शनवर रविवारी सकाळी जुनं 'स्टार ट्रेक' लागायचं. आमच्याकडे तेव्हा टीव्ही नव्हता. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात समोरच्या गुजराती काकांकडे होता, काळा-पांढरा, आणि आम्ही सात-आठ मुलं त्यांच्या ओट्यावरून आत सरकत सरकत पार पडद्याला चिकटायचो. मी मराठी शाळेत, चौथीत. इंग्रजी संवादांतलं अक्षर कळायचं नाही, म्हणून मी चेहरे पाठ करायचे. स्पॉकचे टोकदार कान, डॉक्टरच्या कपाळावरच्या आठ्या, कॅप्टन कर्कची खुर्चीत रेलायची पद्धत. कथेत काय चाललंय ते मी या चेहऱ्यांवरून लावायची, आणि क्लिंगॉन म्हणजे शत्रू हे मला त्यांच्या खाली उतरलेल्या मिशा आणि तिरक्या भुवयांनी शिकवलं होतं. मी ज्यांचं बोलणं समजू शकत नव्हते त्यांचं कपाळ मला चुकीचं आठवणं शक्यच नव्हतं.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे पाठभेद आहे."

आई हसली. अण्णा हसले नव्हते. "जुन्यात कसं आहे, नव्यात कसं आहे, आधी नीट लिहून काढ," ते म्हणाले. "खरं कोणतं ते मागून बघू."

अण्णा प्राच्यविद्या मंदिरात होते. बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. सयाजीराव महाराजांनी या शहरात पुस्तकांसाठी जे केलं त्याचाच हा एक भाग. १९१६ मध्ये राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'ने गायकवाड प्राच्य ग्रंथमाला सुरू झाली, १९२७ मध्ये संस्था उभी राहिली, पुढे ती विद्यापीठात आली. पुण्याला भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती होत होती, आणि बडोद्याने वाल्मीकी रामायणाची हाती घेतली. देशभरातल्या पोथ्या गोळा करायच्या, शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, ग्रंथ, तेलुगू, मल्याळम अशा नाना लिप्यांतल्या, आणि एकेक अक्षर ताडून पाहायचं. सात कांडांचे सात खंड १९६० ते १९७५ या काळात छापून झाले. त्यातली शेवटची दहा-बारा वर्षं अण्णांनी तिथे ताडून पाहण्याचं काम केलं. त्यांचं नाव कुठल्याही खंडाच्या पहिल्या पानावर नाही, आणि त्याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत.

ते काम कसं चालतं हे मी त्यांच्याकडूनच समजून घेतलं होतं. आडव्या-उभ्या रेघा मारलेला मोठा कागद. वरच्या ओळीत आधारासाठी घेतलेला श्लोक, एका घरात एक अक्षर. अनुष्टुभ असेल तर बत्तीस घरं. खाली प्रत्येक पोथीला एक ओळ. पोथीत तेच अक्षर असेल तर घर रिकामं, वेगळं असेल तेवढंच त्या घरात लिहायचं. उजवीकडे शेऱ्यासाठी रुंद रकाना: समासात काय लिहिलंय, कुठे खाडाखोड आहे, कुठे एखादा श्लोक जास्तीचा आहे. परंपरेने रामायण चोवीस हजार श्लोकांचं. या सगळ्या चाळणीतून जे मुख्य मजकुरात राहिलं ते एकोणीस हजारांच्या आत भरलं. बाकीचे टाकून दिलेले नाहीत. ते तारांकन करून पानाच्या तळाशी आहेत, किंवा परिशिष्टांत आहेत. या 'टाकून दिलेले नाहीत'वर अण्णांचा फार भर असायचा. जेवताना कुणी पानात भाजी टाकली तरी त्यांना एवढा त्रास होत नसे.

लहानपणी त्यांनी मला सांगितलं की वाल्मीकींच्या रामायणात लक्ष्मणरेषा नाही, तेव्हा मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते. त्या पावसाळी संध्याकाळी मात्र त्यांनी मला दुसरी गोष्ट सांगितली, आणि तीच पुढची तीस वर्षं माझ्या डोक्यात राहिली.

बालकांडात चारही भावांची लग्नं होतात. लक्ष्मणाला ऊर्मिला मिळते. पुढे अरण्यकांडात शूर्पणखा येते, रामाला मागणी घालते, आणि राम तिला लक्ष्मणाकडे पाठवताना म्हणतो की हा माझा धाकटा भाऊ, देखणा, पराक्रमी आणि 'अकृतदार'. अकृतदार म्हणजे ज्याने बायको केलेली नाही असा. मग ऊर्मिलेचं काय? आणि राम खोटं बोलला का? जुने टीकाकार, म्हणजे रामायणावर भाष्य लिहिणारे, इथे थबकले, कारण रामाला खोटं बोलू देणं त्यांना परवडणारं नव्हतं. कुणी म्हणालं, अकृतदार म्हणजे 'बायको बरोबर न आणलेला'. कुणी म्हणालं, राम थट्टा करत होता, आणि थट्टेतलं बोलणं खोट्यात धरत नाहीत. अलीकडच्या अभ्यासकांनी तिसरंच सांगितलं: बालकांडाचा बराच भाग मागून आलेला आहे, अरण्यकांडातली ती ओळ रचली गेली तेव्हा लक्ष्मणाचं लग्न अजून कुणी लावलंच नव्हतं.

"आणि तुम्ही काय केलंत?" मी विचारलं होतं.

"काय करायचं? शब्द आहे. शब्द ठेवला."

क्लिंगॉनांच्या कपाळाचं खरं कारण सगळ्यांना माहीत आहे. १९६६ ते १९६९ या वर्षांत पहिली मालिका झाली तेव्हा रंगभूषेला पैसा नव्हता. चेहऱ्याला गडद रंग, मिशा आणि भुवया, एवढ्यावर भागवलं. १९७९ मध्ये चित्रपट आला, पैसा आला, कपाळावर वळ्या आल्या. मालिकेचा कर्ता जीन रॉडनबेरी याचं म्हणणं असं की क्लिंगॉन पहिल्यापासून असेच होते, आम्हाला तेव्हा दाखवता आले नाहीत, इतकंच. हे उत्तर प्रामाणिक आहे. पण ते पडद्याच्या बाहेरचं आहे, आणि चाहत्याला उत्तर पडद्याच्या आतलं हवं असतं. कागद महाग होता म्हणून लेखनिकाने श्लोक गाळला, हे खरं असलं तरी त्याने रामायणातल्या माणसाला काय झालं ते कळत नाही.

म्हणून चाहत्यांनी स्वतःच जोडाजोड सुरू केली. सर्वांत जुना आणि बराच काळ टिकलेला तर्क असा की क्लिंगॉनांच्या दोन जाती असाव्यात, एक वळ्यांची, एक सपाट कपाळाची. आधी एकीच्या हाती सत्ता होती, मग दुसरीच्या. दुसरा तर्क, माणसांत मिसळता यावं म्हणून काहींना मुद्दाम माणसांसारखं घडवलं. तिसरा, एखादा रोग. मला त्या वयात दोन जातींचा तर्क आवडला होता. पण १९९४ मध्ये 'डीप स्पेस नाइन' या मालिकेत कोर, कोलॉथ आणि कँग हे तीन म्हातारे क्लिंगॉन परत आले. साठच्या दशकात सपाट कपाळाने वावरलेली हीच तीन पात्रं, तेच तीन नट, आणि आता तिघांच्याही कपाळावर वळ्या. एकाच माणसाला दोन कपाळं. दोन जातींचा तर्क त्या एका भागात कोसळला.

१९९८ मध्ये माझा आतेभाऊ अमेरिकेहून आला तेव्हा त्याने एक कॅसेट आणली. तीस वर्षं झाल्याबद्दल १९९६ मध्ये काढलेला खास भाग तिच्यात होता. नव्या मालिकेतली माणसं काळात मागे जाऊन १९६७ च्या एका जुन्या भागात शिरतात. जुन्या चित्रफितीतच नव्या नटांना बसवलं होतं, आणि सांधा कुठे आहे ते शोधूनही सापडत नव्हतं. बरोबर वॉर्फ आहे. समोर सपाट कपाळाचे क्लिंगॉन बसलेत. त्याचे सोबती चक्रावतात. एक विचारतो, हे काय झालं, जनुकांत काही फेरफार? डॉक्टर विचारतो, विषाणू? आणि वॉर्फ म्हणतो, ती मोठी गोष्ट आहे, आणि आम्ही ती परक्यांशी बोलत नाही.

अण्णा ताठ बसले. "मागे घे," म्हणाले. मी कॅसेट मागे घेतली. त्यांनी ते वाक्य तीन वेळा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. चहा झाल्यावर त्यांनी टेबलावर फुलस्केप पसरला, पट्टी आणि पेन्सिल घेतली, आणि आम्ही तक्ता आखला. उभे रकाने: कपाळ, भुवया, केस, मिशा-दाढी, वर्ण, रक्त. रक्त असं की १९९१ च्या चित्रपटात क्लिंगॉनांचं रक्त गुलाबी आहे, इतकं ठळक की तोतया क्लिंगॉन त्यावरून ओळखला जातो. इतर ठिकाणी ते लाल आहे. आडव्या ओळींत वर्षं: १९६७, १९७९, १९८७, १९९१, १९९४, १९९६. अण्णांचं अक्षर जोंधळ्याच्या दाण्यांसारखं, सगळी एका मापाची. मी सांगत होते, ते लिहीत होते. प्रत्येक वेळी विचारायचे, "तू स्वतः पाहिलंस की कुणी सांगितलं?" ऐकीव असेल तर शेजारी बारीक फुली.

शेऱ्याचा रकाना आला तेव्हा पेन्सिल मी घेतली आणि लिहिलं: विषाणू.

अण्णांनी खोडरबर घेतलं आणि ते पुसलं. "हा तुझा अध्याहार आहे. पोथीत नाही."

"डॉक्टर म्हणाला ना!"

"डॉक्टरने विचारलं. म्हणाला नाही."

मी तेवीस वर्षांची होते. नुकतीच नोकरीला लागले होते, बापाशी बरोबरीने बोलण्याचा हक्क मिळाल्यासारखं वाटत होतं. मी म्हटलं, "मग तुम्ही आयुष्यभर काय केलंत अण्णा? नुसत्या फरकांच्या याद्या? ऊर्मिला होती की नव्हती, हे सांगायचं कुणी?"

ते काही बोलले नाहीत. उठून हिंचक्यावर गेले. कड्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला. आईने स्वयंपाकघरातून माझ्याकडे जे पाहिलं ते मला आजही आठवतं.

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं, मी डबा भरत असताना. सगळं बोलणं मला जसंच्या तसं सांगता येणार नाही, पण मुद्दे पक्के आठवतात. ते म्हणाले, पोथी उतरवणारा माणूस अवघड शब्द सोपा करतो, सोपा शब्द मुद्दाम अवघड करत नाही. म्हणून दोन पाठांत जो खडबडीत, तो बहुधा जुना. गुळगुळीत दिसला की समजावं, इथून कुणाचा तरी हात फिरलाय. टीकाकारांवर माझा राग नाही, ते नसते तर मला ती ओळ अडते कुठे हेच कळलं नसतं. पण टीका पोथीच्या कडेला असते. ती ओळीत शिरली की पुढच्या माणसाला खड्डा दिसत नाही, आणि खड्डा दिसला नाही तर त्याला प्रश्न पडत नाही. "तुझ्या त्या वॉर्फने बरोबर केलं," ते म्हणाले. "फरक आहे हे कबूल केलं, आणि भरला नाही."

त्या वाक्यानंतर मी 'स्टार ट्रेक' वेगळ्या डोळ्यांनी पाहायला लागले. इतकी वर्षं पात्रं त्या फरकाकडे न बघता वावरत होती. १९९६ मध्ये पहिल्यांदा कथेतल्या माणसांनी कथेतला सांधा बघितला. एका वाक्यात त्या मालिकेने आपल्या वाचकांना, म्हणजे आम्हाला, सांगितलं की तुम्हाला दिसलं ते आम्हालाही दिसलंय. चाहता म्हणून मला याहून मोठा मान कुणी दिलेला नाही.

चुका काढणारे आणि विसंगती शोधणारे यांत लोक गल्लत करतात, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. चूक काढणारा पुढे निघून जातो. विसंगतीपाशी जो थांबतो, तो पुन्हा पहिल्यापासून सगळं बघायला बसतो. शेरलॉक होम्सच्या वाचकांनी हेच केलं. पहिल्या कादंबरीत, १८८७ मध्ये, डॉ. वॉटसनला अफगाण युद्धातली गोळी खांद्याला लागलेली आहे; १८९० मधल्या दुसरीत दुखतो तो पाय. एका कथेत बायको त्याला जेम्स म्हणते, आणि त्याचं नाव तर जॉन. १९११ मध्ये रोनाल्ड नॉक्स या पुढे धर्मगुरू झालेल्या तरुणाने धर्मग्रंथांच्या चिकित्सेची सगळी हत्यारं या कथांवर चालवून दाखवली. नंतर डोरोथी सेयर्स या लेखिकेने नावाचा तिढा सोडवला: जॉन एच. वॉटसनमधला एच म्हणजे हॅमिश, आणि हॅमिश हे जेम्सचंच स्कॉटिश रूप. बायको त्याला मधल्या नावाने हाक मारायची. मी हे अण्णांना वाचून दाखवलं तेव्हा ते टाळी वाजवून म्हणाले, "हा खरा टीकाकार! अक्षराला हात लावला नाही आणि वाट काढली."

तसाच कॅप्टन कर्कचा थडग्याचा दगड. १९६६ च्या एका भागात त्याचा जुना मित्र, अंगी अचाट शक्ती आलेला, कर्कसाठी थडगं तयार करतो आणि त्यावर कोरलेलं असतं जेम्स आर. कर्क. पुढे सगळीकडे तो जेम्स टी. आहे, टी म्हणजे टायबेरियस, हेही १९७४ मध्ये कळलं. कुणी म्हणालं, दोघां मित्रांमधली जुनी थट्टा असेल. कुणी म्हणालं, ते विश्वच दुसरं. अण्णा म्हणाले, लेखनिकाची चूक. देवनागरी पोथ्यांत 'ख' आणि 'रव', 'घ' आणि 'ध', 'थ' आणि 'य' यांचे घोळ त्यांनी हजारोंनी पाहिले होते. प्रत्येक चुकीमागे गोष्ट नसते, काही ठिकाणी फक्त थकलेला हात असतो. पोथ्यांच्या शेवटी लेखनिक लिहीत असत की जसं पाहिलं तसं उतरवलं, शुद्ध असो अशुद्ध असो, मला दोष देऊ नये. कर्कचा दगड त्या ओळीत बसतो असं त्यांचं मत होतं. मला अजूनही मित्रांची थट्टा जास्त पटते.

आणि चेकॉव्ह, कर्कच्या जहाजावरचा तरुण अधिकारी. १९८२ च्या चित्रपटात कर्कचा जुना शत्रू खान चेकॉव्हला बघताक्षणी ओळखतो, म्हणतो मी चेहरा विसरत नाही. पण खान ज्या भागात आला तो फेब्रुवारी १९६७ चा, आणि चेकॉव्ह मालिकेत आला दुसऱ्या वर्षी. यावर चाहत्यांचं उत्तर साधं आहे: तो जहाजावरच होता, खालच्या मजल्यावर, आपल्याला अजून दिसला नव्हता इतकंच. चेकॉव्हचं काम करणारा वॉल्टर केनिग स्वतः सांगायचा की खानला स्वच्छतागृहाबाहेर ताटकळत ठेवलं होतं, आत मी होतो. मला पहिलं उत्तर फार आवडतं. वाड्यात वरच्या मजल्यावर कितीतरी बिऱ्हाडं असतात ज्यांची गोष्टीत पाळी यायची असते.

एका उत्तराबद्दल मात्र मी अण्णांच्या बाजूची आहे. चातुर्मासात आम्ही कीर्तनाला जायचो. एकदा बुवांनी गणपतीच्या जन्माची कथा लावली. एका पुराणात शंकर त्याचं मस्तक उडवतो, दुसऱ्यात शनीच्या दृष्टीने ते जातं. श्रोत्यांतून एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, खरं कोणतं? बुवांनी चिपळ्या थांबवल्या आणि म्हणाले, "कल्पभेद, माउली! त्या कल्पात तसं, या कल्पात असं. दोन्ही खरं." सगळी सभा खूश झाली. घरी येताना सूरसागराच्या काठाने चालताना अण्णा म्हणाले, "कल्पभेद शेवटचा उपाय. तो पहिल्यांदाच काढला तर मग वाचायचं कशाला?"

२००९ मध्ये नवा चित्रपट आला आणि त्यात नेरो नावाचा रोम्युलन, म्हणजे आणखी एका परग्रही जातीचा माणूस, २३८७ सालातून २२३३ मध्ये येऊन सगळा इतिहासच दुसऱ्या वाटेला लावतो, तेव्हा अंधारात बसून मला बुवांच्या चिपळ्या ऐकू आल्या. त्या चित्रपटाने ते नीट निभावलं, कारण जुना स्पॉक त्यात होता आणि आपलं जग गमावल्याचं दुःख त्याच्या चेहऱ्यावर होतं. पण त्यानंतर जिथे तिथे बहुविश्वं निघाली. काही जुळलं नाही की दुसरं विश्व. अशा वेळी मला कुणीतरी पानाचा तळ फाडून घेतल्यासारखं वाटतं, कारण जिथे सगळंच खरं तिथे कागदावर दोन ओळी शेजारी शेजारी लिहिण्यात अर्थ उरत नाही.

२००४ च्या हिवाळ्यात अण्णा गेले.

काही महिन्यांनी, २००५ मध्ये, 'एंटरप्राइझ' मालिकेच्या दोन भागांत कपाळाचं उत्तर आलं. मी ते तेव्हा पाहिलं नाही. त्या वर्षी मी काहीच पाहत नव्हते. आतेभावाने फोनवर सांगितलं की तुझ्या क्लिंगॉनांचा निकाल लागला, आणि मी त्याला म्हटलं, सांगू नकोस. प्रत्यक्ष पाहिलं ते २०११ मध्ये, संगणकावर, एकटीने.

२१५४ सालची गोष्ट. माणसांनी जनुकं सुधारून बलवान केलेली माणसं, खानच्या जातीची, त्यांची बीजं क्लिंगॉनांच्या हाती पडतात. तसेच बलवान क्लिंगॉन घडवायचा प्रयोग होतो. प्रयोगातून एक साधा तापाचा विषाणू बिघडतो आणि साथ पसरते. डॉक्टर फ्लॉक्स उतारा काढतो, माणसं वाचतात, पण कपाळाच्या वळ्या विरघळून जातात, लाखोंच्या, आणि पुढे त्यांच्या मुलांच्याही. म्हणजे १९९६ च्या त्या प्रसंगात केलेले दोन्ही तर्क बरोबर होते. जनुकांतला फेरफारही, आणि विषाणूही.

मी बरोबर होते. अण्णांनी पुसलेला शब्द बरोबर होता.

मी पेटीतून तक्ता काढला. शेऱ्याच्या रकान्यात खोडरबराने कागद किंचित खरखरीत झालेला आहे, बोट फिरवलं की कळतं. पेन्सिल हातात घेऊन बसले आणि लिहू शकले नाही. आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू. ज्यांनी ते दोन भाग लिहिले त्यांनी जुन्या दोन वाक्यांचा मान ठेवला, खानची कथा आणि कपाळाची कथा एका धाग्यात ओवली, आणि मालिकेत आजवर कुणी बोललेलं एक अक्षर खोटं पाडलं नाही. हे उत्तम टीकाकाराचं काम आहे. आणि तरीही १९७९ पासून सव्वीस वर्षं जो खड्डा उघडा होता, ज्याच्या काठावर मी आणि अण्णा एकदा भांडलो होतो, तो आता बुजला होता. वॉर्फचं वाक्य मी पुन्हा लावलं. परक्यांशी बोलत नाही. आता तो काय लपवतोय ते मला माहीत होतं, त्यामुळे त्याच्या आवाजात पहिल्यांदा लाज ऐकू आली. पूर्वी तिथे नुसता दरारा होता.

नाथांची आठवण झाली. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीला जवळपास तीनशे वर्षं झालेली असताना, एकनाथांनी पोथ्या ताडून तिचा शुद्ध पाठ तयार केला. शेवटी बजावलं की यात जो कुणी आपली मराठी ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे रिकामी करवंटी, ठेवली असं समजा. लहानपणी मला वाटायचं नाथ किती कडक बोलले. आता वाटतं, नरोटी ठेवणाऱ्यांचंही ज्ञानेश्वरीवर प्रेमच असणार. प्रेमाशिवाय कोण दुसऱ्याच्या ग्रंथात स्वतःची ओवी निनावी लिहील? नाथांना नरोटी उचलावी लागली, आणि उचलण्यासाठी आधी ताट आणि नरोटी वेगळे ओळखावे लागले, त्यासाठी किती रात्री गेल्या असतील!

अखेर मी अण्णांची रीत धरली. मुख्य तक्त्याला हात लावला नाही. पानाच्या तळाशी रेघ मारली, तारा काढला, आणि लिहिलं: '२००५. दोन भागांत जास्तीचा मजकूर. कारण: विषाणू. स्वतः पाहिलं.' आणि त्याखाली: '१९९४ च्या ओळीत कोर, कोलॉथ, कँग यांच्या वळ्या परत कशा आल्या? शस्त्रक्रियेचा ओझरता उल्लेख. दाखवलेलं नाही.' तेवढा खड्डा अजून शिल्लक होता. तो सापडल्यावर मला झोप लागली.

गेल्या दिवाळीत बहिणीची मुलगी राहायला आली. अलकापुरीत राहते, विज्ञान शाखेत आहे, आणि 'स्टार ट्रेक' तिने माझ्याहून उलट्या दिशेने पाहिलंय, नवं आधी, जुनं मागून. तिच्यासाठी सपाट कपाळाचे क्लिंगॉन हेच खोटे. सकाळी महाकालीची शेव-उसळ खाताना तिने विचारलं, "मावशी, तो आजोबांचा क्लिंगॉनांचा कागद खरंच आहे?"

मी पेटी उघडली. तिने तक्ता दोन्ही हातांनी धरला, पिवळा पडलेला, घडीवर फाटू लागलेला. बराच वेळ वाचत होती. फुल्यांचा अर्थ विचारला, तो सांगितला. मग म्हणाली, "पण हे तर जुनं झालं. २०१७ मध्ये 'डिस्कव्हरी'त क्लिंगॉनांना केसच नाहीत. कवटीच वेगळी. मग २०१९ मध्ये केस परत आले, म्हणे युद्धात भादरले होते. आणि 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स'मध्ये पुन्हा जुन्यासारख्या वळ्या. आणि मावशी, हे सगळं पहिल्या मालिकेच्या आधीच्या काळात घडतंय. म्हणजे २१५४ मध्ये कपाळं सपाट झाली असतील तर मग..."

ती थांबली. तिच्या कपाळावर दोन आठ्या आल्या होत्या, अगदी अण्णांच्या.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? काहीतरी चुकलंय. किंवा सगळ्यांना साथ आली नसेल. किंवा..."

"आधी लिहून काढ."

खाली जागा नव्हती. तळाशी माझा तारा आणि त्याखालचा मजकूर. मी गव्हाच्या पिठाची खळ शिजवली, अण्णा शिजवायचे तशी, चिमूटभर मोरचूद घालून, म्हणजे कसर लागत नाही. तिने नव्या कागदाची पट्टी कापली, पट्टी-पेन्सिलने रकाने आखले, जुन्या रेघांना रेघा जुळवून. जोड दिसू नये म्हणून ती कडा घासायला लागली तेव्हा मी तिचा हात धरला.

"राहू दे," म्हटलं. "इथून माझ्या भाचीचं अक्षर सुरू होतं, ते दिसलं पाहिजे."

तिने पहिल्या घरात २०१७ लिहिलं. मग पेन्सिल थांबवून माझ्याकडे न बघता म्हणाली, "२०१७ चं मी पूर्ण पाहिलं नाहीये. शेवटचे चार भाग मैत्रिणीने सांगितले."

"मग?"

तिने शेजारी बारीक फुली काढली.